विद्येने घालावयाची अट

गेल्या दिवाळीत माझ्या थोरल्या चुलतभावाचा मुलगा चार दिवसांकरिता आमच्याकडे दिल्लीस आला होता. दक्षिणेतील एका विद्यापीठात तो गणितात संशोधन करतो. पाडव्याच्या दुपारी, फराळाच्या बशा आवरून झाल्यावर, त्याने पिशवीतून एक छापील नमुना काढला आणि माझ्यापुढे ठेवला. संरक्षणाशी संबंध असलेल्या एका प्रकल्पात त्याला तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळण्याजोगी होती. रक्कम चांगली होती, आणि त्याच्या वडिलांच्या निवृत्तीला आता दीडच वर्ष उरले आहे. नमुन्यातील एका कलमात मात्र असे म्हटले होते की, या काळात हाती येणारा कोणताही निष्कर्ष लेखी परवानगीवाचून प्रसिद्ध करता येणार नाही, आणि परवानगी नाकारल्यास तिचे कारण विचारता येणार नाही. “काका, तुम्ही सरकारात आहात. सही करू ना?” असे त्याने मला विचारले.

मी जे उत्तर दिले ते माझ्या जागी बसलेल्या कोणत्याही कारकुनाने दिले असते. “अरे, त्यात विचार कसला करतोस? आम्ही सगळ्यांनीच असल्या कागदांवर सह्या केल्या आहेत.” आणि ते खोटेही नव्हते. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा नोकरीला लागताना आमच्यापुढे ठेवण्यात आला, तो आम्हांस लागू आहे हे समजल्याची सही आम्ही केली, आणि त्यानंतर त्याची आठवणही आम्हांस क्वचित्‌च होते. मुलाने कागद घडी घालून पिशवीत ठेवला. भाऊबीज आटोपून तो गेला. माझे उत्तर मात्र मागे राहिले, आणि पुढे कितीतरी दिवस कार्यालयात जाता-येता ते मला टोचत राहिले.

टोचण्याचे कारण हळूहळू ध्यानात आले. मी ज्या गुपिताची शपथ वाहिली आहे आणि त्याच्याकडून ज्या गुपिताची सही मागितली जात आहे, ती दोन्ही एकाच जातीची आहेत असे मी गृहीत धरले होते. वस्तुतः तसे नाही. मला जे कळते ते फाइलमुळे कळते. फाइल सरकारची, तिच्यातील मजकूर सरकारचा, आणि तो मजकूर बाहेर सांगण्याचा अधिकार मला नाही हे न्याय्यच आहे. कारण त्यात माझे असे काही नसतेच, फार तर टिपणीतील वाक्यरचना माझी. परंतु गणित शिकणाऱ्या मुलाला जे सुचेल ते कोणत्याही सरकारी फाइलीतून आलेले नसते. त्याच्यामागे नाना देशांच्या, नाना शतकांच्या माणसांनी उघड्यावर ठेवलेले ज्ञान असते. त्या ठेव्यातून घ्यायचे आणि त्यात परत काही टाकायचे नाही, ही अट एखाद्या प्रसंगी आवश्यक असेल. पण ती साधी अट नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राष्ट्राची सुरक्षितता म्हणजे सत्ताधाऱ्यांनी उभे केलेले बुजगावणे आहे, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. हे मासिक ज्यांच्या घरी जाते त्यांच्यापैकी अनेकांना सीमा हा शब्द नकाशावर भेटत नाही, तो बदलीच्या हुकुमावर भेटतो. तेव्हा विद्यापीठांनी हात झटकून “आमचे काम ज्ञानाचे, तुमचे तुम्ही पाहा” असे म्हणणे मला पटत नाही. ज्या शांततेत ग्रंथालयाचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात ती शांतता कोणीतरी राखलेली असते. विद्यापीठाने राष्ट्राच्या रक्षणास साह्य करावे की नाही, हा माझ्या मते प्रश्नच नव्हे. कोणत्या नात्याने करावे, हा प्रश्न आहे.

या विचारात असताना मला जेम्स फ्रँक या पदार्थवैज्ञानिकाची हकीकत नव्याने वाचावीशी वाटली. फ्रँक हे गॉटिंगेन विद्यापीठातील प्राध्यापक. १९२५ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पहिल्या महायुद्धात जर्मनीने विषारी वायूचा प्रयोग केला तेव्हा फ्रिट्झ हाबर यांच्या हाताखाली त्या कामात जे तरुण वैज्ञानिक होते त्यांत फ्रँकही होते. म्हणजे राष्ट्राच्या हाकेला काही न विचारता ओ दिली की काय घडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू प्राध्यापकांना काढण्यास प्रारंभ केला. युद्धात लढलेल्यांना त्यातून सूट होती, आणि फ्रँक यांना आपली जागा राखता आली असती. त्यांनी जाहीरपणे राजीनामा दिला आणि ते देशांतरास गेले.

पुढे अमेरिकेत, शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या प्रेक्षकगृहाखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली नियंत्रित साखळी-प्रक्रिया घडवून आणली. एका विद्यापीठाने राष्ट्राच्या युद्धकार्यास केलेले साह्य याहून मोठे दाखविता येणार नाही. त्या प्रयोगशाळेत येण्याविषयी आर्थर काँप्टन यांनी फ्रँकना विचारले तेव्हा फ्रँक यांनी होकार दिला, पण एक अट घातली: अस्त्र तयार झाले आणि अन्य कोणत्याही राष्ट्राजवळ ते नसले, तर त्याच्या वापराविषयी निर्णय होण्यापूर्वी आपले मत सर्वोच्च पातळीवरील कोणाला तरी ऐकविण्याची संधी आपणांस मिळाली पाहिजे. वेतनाची नव्हे, पदाची नव्हे, प्रसिद्धीचीही नव्हे. ऐकून घेण्याची अट. काँप्टन यांनी ती मान्य केली.

जून १९४५ मध्ये ती वेळ आली. फ्रँक यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांच्या समितीने एक टिपण सिद्ध केले. पूर्वसूचना न देता जपानवर हे अस्त्र टाकू नये, एखाद्या वाळवंटात अथवा ओसाड बेटावर राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमक्ष त्याचे प्रात्यक्षिक करावे, अन्यथा जगाचा विश्वास गमावून बसाल आणि शस्त्रांची अनावर स्पर्धा सुरू होईल, असे त्यात म्हटले होते. टिपण घेऊन फ्रँक वॉशिंग्टनला गेले. युद्धमंत्री स्टिमसन शहरात नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. मग टिपण कार्यालयात ठेवण्यात आले, आणि सोबत काँप्टन यांनी एक पत्र जोडले, ज्यात त्या टिपणाने कोणत्या बाबी विचारात घेतल्या नाहीत तेही नमूद केले होते. (साहेब दौऱ्यावर असणे आणि सोबतच्या पत्रानेच मूळ कागदाचे वजन कमी करणे, या दोन्ही विद्या आमच्याच देशात उपजल्या असा माझा समज होता, तो दूर झाला.) चार ख्यातनाम वैज्ञानिकांच्या सल्लागार मंडळाने १६ जूनला निराळे मत दिले. ६ ऑगस्टला हिरोशिमा झाले, ९ ऑगस्टला नागासाकी. चार वर्षांनी, २९ ऑगस्ट १९४९ रोजी, सोव्हिएत रशियाने आपला पहिला अणुस्फोट केला, आणि टिपणात वर्तविलेली स्पर्धा सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही.

तर मग फ्रँक यांची अट फुकट गेली म्हणावयाचे काय? परिणामाच्या दृष्टीने पाहता, होय. तथापि मला वाटते, त्या अटीमुळे एक गोष्ट घडली जी एरवी घडली नसती. निर्णय घेणाऱ्यांना “आम्हांस कोणी सांगितले नव्हते” असे म्हणण्याची सोय उरली नाही. १९४६ मध्ये ते टिपण प्रसिद्ध झाले आणि आज कोणीही ते वाचू शकतो. शिकागो विद्यापीठाने त्या युद्धात देशाला दोन वस्तू दिल्या, अस्त्र आणि विरोधी टिपण. पहिली वस्तू देऊ शकणारे लोक पुढे सरकारच्या स्वतःच्या प्रयोगशाळांतही पुष्कळ तयार झाले. दुसरी मात्र ज्याला विद्यापीठात बसून बोलण्याची सवय आहे असाच मनुष्य लिहू शकतो.

आता सरकारच्या बाजूने बोलतो. ती माझीही बाजू आहे. कोणी म्हणेल, मत ऐकून घेणे ठीक, पण निष्कर्ष गुप्त ठेवल्यावाचून रक्षण कसे होणार? गुप्तता म्हणजेच सुरक्षितता अशी आमच्या खात्यांची जवळजवळ धर्मश्रद्धा असते, आणि मीही तिचा भाविक होतो. माझ्या पुतण्याच्याच विषयातील एका प्रकरणाने ती ढळली.

सांकेतिक लेखनाचा जुना पेच असा की, पाठविणाऱ्याजवळ आणि घेणाऱ्याजवळ एकच किल्ली हवी. मग ती किल्ली सुरक्षितपणे पोचवायची कशी? ब्रिटनच्या गुप्तवार्ता-खात्यातील जेम्स एलिस यांना १९७० मध्ये सुचले की कुलूप लावण्याची किल्ली उघड असली तरी चालेल, उघडण्याची तेवढी गुप्त असावी. १९७३ मध्ये त्याच खात्यात नव्याने आलेल्या क्लिफर्ड कॉक्स यांनी त्यासाठी गणिती रीत शोधली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे असते, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे दुष्कर असते, यावर ती आधारलेली होती. शोध अद्वितीय होता. त्यावर गुप्ततेचा शिक्का बसला आणि कागद कपाटात गेला.

तिकडे अमेरिकेत, यांतले काहीही ठाऊक नसताना, स्टॅनफर्ड विद्यापीठातील डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये तीच कल्पना छापून प्रसिद्ध केली, आणि १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्‌सच्या तंत्रविद्यापीठातील रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन यांनी कॉक्स यांचीच रीत स्वतंत्रपणे शोधली. त्यांनी ती जगापुढे टाकली, इतकेच नव्हे, तर १२९ आकडी एक संख्या देऊन ‘हिचे अवयव पाडून दाखवा’ असे आव्हान दिले. १९९४ मध्ये अनेक देशांतील स्वयंसेवकांनी मिळून ते आव्हान पुरे केले. त्यातून किती मोठी संख्या पुरेशी नाही हे सर्वांस कळले आणि कुलुपे अधिक भक्कम करण्यात आली. आज आपण मोबाइलवरून गावी आईवडिलांना पैसे धाडतो तेव्हा मध्ये जी कुलुपे लागतात त्यांचे कूळ या उघड्या विद्येत आहे. ब्रिटनच्या कपाटातील कागद डिसेंबर १९९७ मध्ये बाहेर आला. एलिस त्याच्या आदल्याच महिन्यात वारले होते.

या प्रकरणातील एक लहानसा प्रसंग मला विशेष वाटतो. १९७७ मध्ये, असले संशोधन प्रसिद्ध करणे शस्त्रनिर्यातीच्या कायद्याचे उल्लंघन ठरू शकेल, असा इशारा देणारे पत्र अमेरिकेच्या सुरक्षा-खात्यातील एका कर्मचाऱ्याने अभियंत्यांच्या संस्थेला लिहिले. त्या वर्षीच्या परिषदेत हेलमन यांचे दोन विद्यार्थी आपले निबंध वाचणार होते. विद्यापीठाच्या वकिलाने सांगितले की, खटला झाल्यास प्राध्यापकाच्या पाठीशी विद्यापीठ उभे राहील, विद्यार्थ्यांविषयी मात्र तशी हमी देता येत नाही. तेव्हा निबंध हेलमन यांनी स्वतः वाचले आणि विद्यार्थी व्यासपीठावर त्यांच्या शेजारी मुकाट्याने उभे राहिले. विद्यापीठ म्हणजे इमारती आणि पदव्या नव्हेत हे आपण नेहमी ऐकतो. मग ते काय, याचे उत्तर त्या व्यासपीठावर दिसले असावे. मला मात्र त्या वेळी माझ्या पुतण्याचा चेहरा आठवला आणि पाडव्याच्या दुपारी मी त्याच्या शेजारी उभा नव्हतो असे वाटून गेले.

अगदी अलीकडील उदाहरण आपल्या सर्वांच्या भोगवट्यातले आहे. जानेवारी २०२० मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील प्राध्यापक चांग योंगचेन यांच्या गटाने नव्या विषाणूची जनुकीय रचना उलगडली. सरकारी संमतीची वाट न पाहता, सिडनी विद्यापीठातील एका सहकाऱ्याच्या मार्फत ११ जानेवारीला ती सर्वांसाठी खुली झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेला ‘सुधारणांसाठी’ काम बंद ठेवण्याचा हुकूम आला. त्या एका प्रसिद्धीमुळे जगभर लसींच्या आखणीस ताबडतोब हात घालता आला. आपल्यापैकी ज्यांनी त्या दोन वर्षांत परगावी एकट्याने दिवस काढले, आणि ज्यांना घरच्या माणसाच्या अंत्यदर्शनासही जाता आले नाही, त्यांना लवकर आलेल्या लसीचे मोल मी सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून सर्वच उघडे करावे असे मी म्हणतो काय? नाही. २०११ मध्ये नेदरलँड्‌समधील आणि विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी पक्षिज्वराचा विषाणू सस्तन प्राण्यांत हवेवाटे पसरू शकेल असे बदल शोधले, तेव्हा अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने तपशील गाळण्याची सूचना केली. पुढे पुष्कळ वादानंतर २०१२ मध्ये दोन्ही निबंध प्रसिद्ध झाले. येथे कोणाचे बरोबर होते हे मला आजही निश्चित सांगता येत नाही. पण ध्यानात घेण्यासारखे हे की, वाद झाला, कारणे दिली गेली, आणि मत बदलले तेही कारणे देऊन. माझ्या पुतण्याच्या नमुन्यात नेमका त्यालाच मज्जाव होता. प्रसिद्धी रोखण्याचे कलम मला सहन होते, पण ‘कारण विचारता येणार नाही’ हे शब्द घशाखाली उतरत नव्हते.

याहून एक खोल अडचण आहे. सरकार विद्यापीठाला जो प्रश्न विचारते तो बहुधा कालचा असतो. मी दहा वर्षे प्रस्ताव पुढे पाठवीत आलो आहे, आणि प्रत्येक प्रस्तावाच्या आरंभी कोणती तरी घडून गेलेली घटना असते. उद्याचा प्रश्न ज्याला पडतो त्याला तो कोणी विचारलेला नसतो. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी, मूळ रूपात लुप्त झालेला आणि केवळ चिनी भाषांतरात उरलेला ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ पालीतील ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला, आणि तो अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या परिश्रमाने चीन भवन उघडले. या उद्योगाचा देशाच्या रक्षणाशी काही संबंध आहे असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्याला हसण्यावारी नेले असते.

वीस वर्षांनी, १९५७ मध्ये, अक्साई चीनमधून जाणारा रस्ता पूर्ण झाल्याचे वृत्त चीनच्या वृत्तपत्रांत आले. हे गुपित नव्हतेच. छापून आले होते, फक्त चिनी भाषेत. पेकिंगमधील आपल्या वकिलातीने ते वाचले व दिल्लीस कळविले. पहाणी झाली, आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये आपला निषेध नोंदविला गेला. १९४७ मध्ये पेकिंगच्या विद्यापीठात शिकावयास गेलेले वसंत परांजपे यांच्यासारखे चिनी जाणणारे काही मोजके लोक सरकारात होते. परंतु एवढ्या मोठ्या शेजाऱ्याची भाषा, त्याचा इतिहास, त्याची मनोरचना यांचा अभ्यास करून ‘सरकारचा हा समज चुकीचा आहे’ असे सरकारला बाहेरून सांगू शकतील अशी विद्यापीठीय केंद्रे देशात बोटांवर मोजण्याइतकीच होती. २० ऑक्टोबर १९६२ रोजी आक्रमण झाले. दिल्ली विद्यापीठातील चिनी अध्ययनाचे केंद्र स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तहान लागल्यावर विहीर खणली म्हणतात ती ही.

विहीर खणली हे चांगलेच झाले. पण चीन भवन आणि बापटांचा ग्रंथ हेही रक्षणाचे साधन होते, हे कोणत्याही प्रकल्पाच्या नमुन्यात बसविता आले नसते. त्याचप्रमाणे दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यासारखा गणिती, ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंगणात आपल्या अणुकार्यक्रमाचा पाळणा हलला तेथेच बसून, भारतासारख्या देशाने अणूपेक्षा सूर्याच्या उष्णतेकडे वळावे असे म्हणत राहिला, तेही कोणी मागविलेले मत नव्हते. आज सौर ऊर्जेच्या योजनांच्या फाइली माझ्या शेजारच्या विभागात येतात. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईस जाऊन-येऊन करणाऱ्या त्या विक्षिप्त विद्वानाची आठवण त्या फाइलीत कोणी काढीत नाही, कारणही नाही.

एवढे सारे मनात जुळून आल्यावर मी नोव्हेंबराच्या अखेरीस पुतण्याला पत्र लिहिले. दूरध्वनीवर हे बोलता येण्याजोगे नव्हते. पाडव्याला दिलेले उत्तर मी घाईने दिले, असे मी कबूल केले. शिष्यवृत्ती नाकार असे मी त्याला लिहिले नाही. तसे लिहिण्याचा मला अधिकार नाही, त्याच्या घरची स्थिती मला ठाऊक आहे, आणि देशाला त्याच्या गणिताचा उपयोग होत असेल तर तो व्हावा असेच मला वाटते. सही करण्यापूर्वी दोन वाक्ये लिहून मागावीत, एवढेच सुचविले. प्रसिद्धीस नकार दिल्यास कारण लेखी कळवावे. आणि निष्कर्षाचा वापर कशासाठी होणार याविषयी त्याने काही म्हणणे मांडल्यास ते नोंदीवर घ्यावे.

पहिले उत्तर त्याच्याकडून आले नाही, त्याच्या वडिलांकडून आले. “पोराच्या डोक्यात तू काय भरवलेस? तुझी नोकरी कायमची आहे, त्याची नाही,” असे दादा मला म्हणाले. त्यांना मी काय सांगणार? ते खरेच आहे. अट घालण्याचा सल्ला देणाऱ्याला त्या सल्ल्यापायी काही गमवावे लागणार नव्हते, आणि ही बोच मला पाडव्याच्या उत्तराइतकीच लागली. फ्रँक नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते, हेलमन प्राध्यापक होते. चोवीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने अट घालावी असे म्हणताना त्याच्या शेजारी व्यासपीठावर कोण उभे राहणार हे मी विचारले नव्हते.

पुतण्याचे पत्र जानेवारीत आले. नमुन्यात अशा मजकुरासाठी रकाना नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. म्हणून त्याने तो नमुना सही करून दिला आणि दोन वाक्यांचा वेगळा कागद त्याला जोडला. त्याच्या मार्गदर्शकांनी तो पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग कोणताही शेरा न मारता नमुन्यासोबत पुढे पाठविला. उत्तर अद्याप आलेले नाही. “काका, तो कागद कोणी काढून टाकला असेल का?” असे त्याने शेवटी विचारले आहे.

याचे उत्तर मला देता आले, कारण हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे. आमच्याकडे आता कागद राहिले नाहीत, ई-ऑफिस आहे. पण रीत जुनीच आहे. टिपणी पिवळ्या पानावर असते तोवर ती पुसता येते, बदलता येते. एकदा ती हिरव्या पानावर चढली आणि फाइल पुढे सरकली की मग ती कोणालाही, अगदी सचिवालाही, काढता येत नाही. आलेल्या पत्राला नोंदणीत क्रमांक पडतो. त्याचा कागद तेथे कोणत्या पानावर पोचला आहे हे मला येथून दिसत नाही. क्रमांक मागून घे, एवढे मी त्याला कळविले आहे.